एका नावाचा गजर आणि आठ वर्षांचे शनिवार : कॅनडातील पंजाबी आइस हॉकी समालोचनाचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

30 मे 2016 रोजी पिट्सबर्गच्या कन्सोल एनर्जी सेंटरमध्ये नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेच्या, स्टॅन्ली कपसाठीच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना झाला. यजमान पिट्सबर्ग पेंग्विन्ससमोर कॅलिफोर्नियाहून आलेला सॅन होजे शार्क्स हा संघ होता. पहिल्या सत्रात ब्रायन रस्ट आणि कॉनर शीरी यांनी साधारण मिनिटभराच्या अंतराने गोल करून पिट्सबर्गला आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या सत्रात तोमाश हेर्टल आणि पॅट्रिक मार्लो यांनी बरोबरी साधली. आणि तिसरे सत्र संपायला 2 मिनिटे 33 सेकंद उरलेली असताना क्रिस लेटँगच्या पासवर निक बोनिनोने गोलरक्षक मार्टिन जोन्सच्या खांद्यावरून गोल केला. शार्क्सचा नावाजलेला बचावपटू ब्रेंट बर्न्स त्या वेळी तिथेच होता, पण त्याच्या हातात काठी नव्हती. सामना 3-2 असा संपला.

हा गोल त्या रात्री अनेक आवाजांत सांगितला गेला. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर माईक एमरिक बोलत होते, ज्यांच्या क्रियापदांच्या श्रीमंतीचे तिथल्या प्रेक्षकांना कौतुक होते. कॅनडात इंग्रजीतून जिम ह्यूसन आणि क्रेग सिम्पसन ही अनुभवी जोडी होती. आणि ओम्नी या कॅनडातील बहुभाषिक वाहिनीवर, पश्चिम कॅनडातल्या एका स्टुडिओत पडद्याकडे बघत, हरनारायण सिंग पंजाबीतून समालोचन करत होते. पक, म्हणजे या खेळातली चपटी रबरी चकती, जाळ्यात गेल्याबरोबर त्यांनी ‘बोनिनो, बोनिनो, बोनिनो’ असा जो गजर सुरू केला तो श्वास संपेपर्यंत थांबवला नाही, आणि शेवटी पूर्ण नाव घेऊन तो संपवला. ही काही सेकंदांची ध्वनिचित्रफीत दुसऱ्या दिवसापर्यंत समाजमाध्यमांवर सर्वत्र पसरली. ज्यांना पंजाबीचा गंधही नव्हता असे पिट्सबर्गचे पाठीराखे ती पुन्हा पुन्हा ऐकू लागले आणि खुद्द संघाच्या ड्रेसिंग रूमपर्यंत ती पोहोचली.

या प्रकरणाची ओळख सहसा एवढ्यावरच करून दिली जाते: एक गमतीदार, उत्साही क्षण, जो अचानक लोकप्रिय झाला. माझे म्हणणे निराळे आहे. त्या फितीत जगाने जे ऐकले तो त्या प्रक्षेपणातला जवळजवळ एकमेव भाग होता, ज्यात पंजाबी भाषा नव्हती. होते ते केवळ एका खेळाडूचे आडनाव. म्हणूनच ती सीमा ओलांडू शकली. पण त्या आडनावापर्यंत पोहोचायला ज्या चमूने आठ हंगाम एका नव्या खेळासाठी आपली भाषा घडवली, त्याचे काम त्या फितीत ऐकू येत नाही, आणि अभ्यास करण्यासारखे खरे प्रकरण तेच आहे.

2008 ची सुरुवात

‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा शनिवारच्या रात्रीचा कार्यक्रम कॅनडात केवळ क्रीडाप्रक्षेपण म्हणून पाहिला जात नाही. रेडिओच्या काळात फॉस्टर ह्यूइट यांनी टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये छताजवळ टांगलेल्या कक्षातून केलेले वर्णन देशभर ऐकले जात असे, आणि 1952 मध्ये दूरचित्रवाणी आल्यावर तीच सवय पडद्यावर गेली. शनिवारी रात्री कुटुंबाने एकत्र बसून सामना पाहणे हा तिथल्या घरगुती जीवनाचा भाग झाला. प्रश्न असा होता की ज्या घरात आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही, आईवडिलांना ती कामापुरती येते आणि मुले मात्र शाळेत हॉकीशिवाय दुसरे काही बोलत नाहीत, त्या घराने या शनिवारात कसे सामील व्हायचे. अशी घरे थोडीथोडकी नव्हती. सरे, अ‍ॅबट्सफर्ड, ब्रॅम्प्टन, कॅलगरीचा ईशान्य भाग आणि एडमंटन इथे पंजाबी वस्ती दाट आहे, आणि 2016 च्या जनगणनेत पंजाबी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली होती.

2008 मध्ये सार्वजनिक प्रसारण संस्था असलेल्या सीबीसीने पंजाबीतून समालोचनाचा प्रयोग सुरू केला. त्यासाठी निवडलेले हरनारायण सिंग हे आल्बर्टा प्रांतातील ब्रूक्स या लहानशा गावात वाढलेले, लहानपणापासून विख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचे भक्त आणि खेळण्यातल्या मायक्रोफोनवर समालोचनाची नक्कल करणारे तरुण होते. ते राहायचे कॅलगरीत आणि स्टुडिओ तेव्हा होता टोरोंटोत, म्हणजे सुमारे चार तासांच्या विमानप्रवासावर. आठवडाभर शाळेत शिकवायचे, शनिवारी टोरोंटोला जाऊन बहुतेक वेळा लागोपाठ दोन सामने सांगायचे आणि रविवारी परतायचे, असा त्यांचा क्रम होता. सुरुवातीच्या हंगामांत विमानाची तिकिटे ते स्वतःच्या खिशातून काढत होते आणि ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांना कळू दिली नव्हती, कारण संधी हातची जाईल अशी भीती होती. हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे.

या तपशिलाकडे त्यागाची हृद्य कथा म्हणून पाहिले जाते. मला मात्र तो आधी संस्थेचा हिशेब वाटतो. ज्या प्रक्षेपणाला इंग्रजी विभागात प्रवासभत्ता, निवास, संशोधन साहाय्यक आणि मैदानावरची जागा मिळते, तेच प्रक्षेपण दुसऱ्या भाषेत सुरू करताना खर्चाची पहिली कात्री माणसावर चालते, आणि त्या माणसाला ती दिसू द्यायचीही सोय नसते. मध्यंतरी प्रायोजक नसल्याच्या कारणावरून हा कार्यक्रम थांबवलाही गेला होता. प्रेक्षकांनी आवाज उठवल्यावर तो परत आला. म्हणजे पहिली काही वर्षे हे प्रक्षेपण दोन टेकूंवर उभे होते: एका समालोचकाची पदरमोड आणि प्रेक्षकांचा हट्ट. तिसरा टेकू, जो प्रसारण संस्थेने द्यायचा असतो, तो पक्का नव्हता.

पडद्याकडे बघून समालोचन

या चमूचे काम कसे चालत असे ते नीट समजून घेतल्याशिवाय त्या रात्रीच्या गजराची किंमत कळत नाही. मैदानावरच्या कक्षात बसलेल्या समालोचकाला संपूर्ण रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, दिसते: 200 फूट लांब, 85 फूट रुंद. त्याला बाकावरून कोण उठते आहे, प्रशिक्षक कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो आहे, दूरच्या निळ्या रेषेपाशी कोण मोकळा उभा आहे हे सगळे एका नजरेत घेता येते. स्टुडिओत बसलेल्या समालोचकाला दिग्दर्शक जे दाखवील तेवढेच दिसते. आइस हॉकीत खेळ न थांबता खेळाडू बदलतात, एक तुकडी जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर राहते, आणि ही अदलाबदल बहुधा चौकटीच्या बाहेर होते. पडद्यावर पुन्हा दिसलेला खेळाडू मघाचाच की नवा, हे हेल्मेटखालच्या चेहऱ्यावरून नव्हे तर पाठीवरच्या क्रमांकावरून, आणि क्रमांक दिसला नाही तर स्केटिंगच्या ढबीवरून ओळखावे लागते.

एकच उदाहरण जवळून पाहू. एखाद्या खेळाडूने नियमभंग केला आणि पक प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात असला, तर पंच खेळ लगेच थांबवत नाही. तो हात वर करतो आणि दोषी संघाने पकला स्पर्श करेपर्यंत खेळ चालू राहतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या संघाला आपला गोलरक्षक बाहेर बोलावून त्याच्या जागी एक जादा आक्रमक उतरवता येतो, कारण प्रतिस्पर्ध्याने पकला हात लावताच शिट्टी होणार असल्याने रिकाम्या गोलचा धोका जवळजवळ नसतो. मैदानावरचा समालोचक पंचाचा वर गेलेला हात पाहतो आणि लगेच सांगतो. स्टुडिओतल्या समालोचकाच्या चौकटीत तो हात नसेल, तर त्याला पहिला सुगावा लागतो तो सहाव्या खेळाडूच्या येण्याने. त्याला दोन सेकंदांत मागचा धागा पकडून निष्कर्ष काढावा लागतो, आणि तो चुकला तर आयुष्यात पहिल्यांदाच हा खेळ पाहणाऱ्या आजोबांना पुढची दोन मिनिटे काय चालले आहे ते कळत नाही. इथे शेजारी बसलेल्या विश्लेषकाचे काम सुरू होते. पंजाबी चमूत भूपिंदर हुंदल सूत्रसंचालन करत, रणदीप जांडा आणि हरप्रीत पंधेर विश्लेषण करत. जाणकार प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देता नवख्याला नियम समजावणे ही कसरत इंग्रजी विभागातल्या कोणत्याही विश्लेषकाला इतक्या प्रमाणात करावी लागत नव्हती, कारण त्याचा प्रेक्षक हा खेळ बाळकडूबरोबर घेऊन आलेला असतो.

दुसरी अडचण ध्वनीची. गोल झाल्यावर मैदानावरच्या समालोचकाला गप्प बसण्याची चैन परवडते. अठरा हजार माणसांचा आवाज त्याच्या वतीने बोलतो, आणि इंग्रजीतील थोर समालोचकांची थोरवी पुष्कळदा त्या गप्प बसण्यातच आहे. स्टुडिओत तोच आवाज हेडफोनमधून येतो. अंगावर काटा आणणारी कंपने पायाखालच्या जमिनीतून येत नाहीत. तिथे उत्साह स्वतः निर्माण करावा लागतो आणि तो खोटा वाटू नये एवढा खेळात जीवही असावा लागतो. सिंग यांचा गजर याच परिस्थितीतून आलेला आहे असे मला वाटते.

तिसरी गोष्ट वाक्यरचनेची, जी मराठी वाचकाला सहज उमजेल. पंजाबीत, मराठीप्रमाणेच, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ताशी दीडशे किलोमीटरने जाणाऱ्या पकच्या मागे ‘अमक्याने तमक्याकडे पास दिला’ असे पूर्ण वाक्य धावू शकत नाही; क्रियापद येईपर्यंत पक तिसऱ्याकडे गेलेला असतो. त्यामुळे अशा भाषेतला समालोचक क्रियापदे गाळून नावांची साखळी गुंफतो, आणि क्रियापद राखून ठेवतो ते शेवटच्या फटक्यासाठी. ‘मारेया शॉट, कीता गोल’ ही सिंग यांची ठरलेली ललकारी तशीच होती. 2016 च्या त्या गोलावर त्यांनी क्रियापदही सोडून दिले आणि नाव तेवढे ठेवले. बोनिनो या नावातले तिन्ही उच्चार स्वरांत संपतात, त्यामुळे ते अडखळल्याशिवाय कितीही वेळा म्हणता येते. लेटँगने तो गोल केला असता तर हा गजर असा वाहता झाला असता असे मला वाटत नाही.

शब्द कुठून आले

शब्दसंग्रहाबद्दल फार लिहीत नाही, कारण बातम्यांनी तेवढीच एक बाजू वापरून गुळगुळीत केली आहे. चपट्या, गोल, तीन इंच व्यासाच्या रबरी पकला ‘टिक्की’ म्हणणे आणि स्लॅप शॉटसाठी, म्हणजे काठी उगारून मारलेल्या जोरदार फटक्यासाठी, ‘चपेड’ म्हणजे थप्पड वापरणे, ही उदाहरणे गमतीची म्हणून सांगितली जातात. ती गमतीची नाहीत. ती गरजेची आहेत, आणि कॅनडाच्याच इतिहासात त्यांना भारदस्त पूर्वज आहे.

11 ऑक्टोबर 1952 रोजी माँट्रियलहून दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा हॉकीचा सामना दाखवला गेला तेव्हा समालोचन फ्रेंचमधून होते आणि समालोचक होते रेने लेकाव्हालिए. टोरोंटोहून इंग्रजी प्रक्षेपण त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झाले. क्वेबेकमध्ये तोवर हा खेळ फ्रेंच भाषक खेळत होते, पण त्याची परिभाषा बहुतांशी इंग्रजीची उसनवारी होती. लेकाव्हालिए यांनी एकेका डावपेचाला शुद्ध, सुटसुटीत फ्रेंच शब्द दिले, ते दर आठवड्याला त्याच आवाजात उच्चारले, आणि एका पिढीच्या आत ते शब्द रिंकवरच्या मुलांच्या तोंडी बसले. आज त्यांचे नाव क्वेबेकमध्ये भाषेचे शिल्पकार म्हणून घेतले जाते. पंजाबी चमूचे काम त्याच जातीचे होते. फरक एवढाच की फ्रेंचला राजभाषेचा आधार होता, वाहिनी होती आणि अर्थसंकल्प होता. लेकाव्हालिए यांचे शब्द हे राष्ट्रीय कार्य ठरते आणि सिंग यांची टिक्की ही बातमीच्या शेवटची चटकदार ओळ ठरते, हा भेद कामाच्या प्रतीतून आलेला नाही.

हक्क, पैसा आणि ओम्नी

नोव्हेंबर 2013 मध्ये रॉजर्स कम्युनिकेशन्सने नॅशनल हॉकी लीगचे कॅनडातील राष्ट्रीय प्रक्षेपण हक्क 12 वर्षांसाठी 5.2 अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले. 2014-15 च्या हंगामापासून शनिवारचे सामने सीबीसीवर दिसत राहिले, पण त्यावरचा ताबा आणि जाहिरातींचे उत्पन्न रॉजर्सकडे गेले. पंजाबी समालोचनाच्या दृष्टीने या व्यवहारातली लहानशी वाटणारी बाब निर्णायक होती: रॉजर्सकडे ओम्नी ही बहुभाषिक वाहिनी आधीपासून होती. त्यामुळे पंजाबी प्रक्षेपणाला पहिल्यांदाच मोफत दिसणारी हक्काची वाहिनी मिळाली.

याच मालकाने मे 2015 मध्ये ओम्नीवरील पंजाबी, इटालियन, मँडरिन आणि कँटोनीज बातमीपत्रे बंद केली. हॉकी चालू राहिली. हा निर्णय त्या समाजांना फार लागला, आणि लागणे योग्यच होते. कारण शनिवारी रात्री ज्या भाषेत पेंग्विन्सचा गोल सांगितला जात होता, त्याच भाषेत सोमवारी शहराच्या निवडणुकीची किंवा रुग्णालयाची बातमी सांगायला कोणी नव्हते. 2017 मध्ये प्रसारण नियामक आयोगाने ओम्नीला देशभरातील केबल जोडण्यांमध्ये सक्तीचे स्थान दिले आणि त्याबरोबर बातमीपत्रांची जबाबदारीही घातली, तेव्हा हे चित्र बदलले. क्रीडासमालोचन भाषेला प्रतिष्ठा देते यात शंका नाही, पण खेळाचे हक्क ज्याच्याकडे आहेत तो त्या भाषेला विक्रीच्या वेळेपुरतीच ओळखत असेल तर ती प्रतिष्ठा आठवड्यातून एका रात्रीची राहते.

त्या वर्षीची विशेष परिस्थिती

2016 च्या प्रकरणाला आणखी एक संदर्भ आहे, जो भारतीय वाचकाला सहसा सांगितला जात नाही. त्या हंगामात कॅनडातील सातपैकी एकही संघ बाद फेरीत पोहोचला नव्हता. असे 1970 नंतर प्रथमच घडले. एवढी रक्कम मोजून हक्क घेतलेल्या कंपनीसमोर दोन महिन्यांचे सर्वांत महागडे सामने होते आणि घरच्या प्रेक्षकाला ज्याच्यासाठी जीव टाकावा असा संघ नव्हता. अशा कोरड्या वसंतात कॅनडाच्या कोणत्याही प्रक्षेपणातला जो क्षण सर्वाधिक गाजला तो पंजाबी कक्षातून आला, आणि तोही दोन अमेरिकी संघांच्या सामन्यात.

हा योगायोग नाही असे मी म्हणेन. इंग्रजी समालोचन ज्या भावनेवर पोसलेले असते ती बहुतांशी आपल्या शहराच्या संघाची असते. पंजाबी प्रेक्षकांतही व्हँकुव्हर कॅनक्स किंवा कॅलगरी फ्लेम्सचे कडवे पाठीराखे भरपूर आहेत, पण या चमूला सुरुवातीपासून संघनिष्ठेच्या पलीकडे जाऊन खेळाचीच गोडी लावायची होती. तिसऱ्या फळीत खेळणारा बोनिनो हा सिडनी क्रॉस्बी किंवा येव्हगेनी माल्किनसारखा ठळक तारा नव्हे. कार्ल हॅगलिन आणि फिल केसल यांच्याबरोबर तो त्या वसंतात सुरेख खेळत होता आणि याआधी वॉशिंग्टनविरुद्धची मालिका त्याच्याच जादा वेळेतल्या गोलाने संपली होती. त्याच्या नावाचा असा गजर व्हावा, यामागे प्रत्येक खेळाडूला कथेत जागा देणारी समालोचनाची पद्धत होती.

पुढे काय झाले

पेंग्विन्सने 12 जून रोजी सॅन होजेत सहावा सामना जिंकून कप मिळवला. तीन दिवसांनी पिट्सबर्गमध्ये निघालेल्या विजययात्रेसाठी संघाने पंजाबी चमूला सन्मानाने बोलावले, आणि लाखो लोकांसमोर व्यासपीठावर सिंग यांनी तोच गजर केला. पगडी घातलेल्या समालोचकाला पेनसिल्व्हेनियातील गर्दीने डोक्यावर घ्यावे, हे 2016 च्या अमेरिकेतील निवडणुकीच्या तापलेल्या वातावरणात विशेष होते, आणि त्यातला आनंद कोणीही कमी लेखू नये.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला, टोरोंटो आणि कॅलगरी यांच्या सामन्यात, सिंग इंग्रजी प्रक्षेपणाच्या चमूत सामील झाले. नॅशनल हॉकी लीगच्या इंग्रजी प्रक्षेपणात काम करणारे ते पहिले शीख ठरले. मात्र इंग्रजीतून पूर्ण सामन्याचे समालोचन त्यांच्या हाती यायला 2021 उजाडावे लागले. रणदीप जांडा पुढे व्हँकुव्हरच्या इंग्रजी क्रीडाप्रसारणात स्थिरावले, भूपिंदर हुंदल यांनी वृत्तवाहिनीत संपादकीय जबाबदारी घेतली. एका लहान कक्षातून इतकी माणसे मोठ्या कक्षांत गेली ही त्या प्रशिक्षणाची पावती आहे.

पण इथे मला एक खटकते. गजर 2016 चा आणि इंग्रजीतला पहिला पूर्ण सामना 2021 चा, म्हणजे मधे जवळजवळ पाच वर्षे गेली. तोवर सिंग यांच्या नावावर शेकडो सामने जमा झाले होते. इंग्रजी मातृभाषेइतकीच सफाईने बोलणाऱ्या, याच देशात जन्मलेल्या समालोचकाचे पंजाबीतले काम इंग्रजी खुर्चीसाठीचा अनुभव म्हणून मोजले गेले असते तर एवढा काळ लागला नसता. फितीने दार किलकिले केले. आत बसायला जागा मात्र नेहमीच्या गतीनेच मिळाली. शिवाय पंजाबीतून इंग्रजीत जाणे म्हणजे ‘वर जाणे’ असे सगळ्या लेखांतून गृहीत धरलेले दिसते. ज्या समालोचकांनी पंजाबीची परिभाषा घडवली ते एकेक करून निघून जात असताना मागे राहिलेल्या कक्षात नवी माणसे कोण घडवणार, हा प्रश्न कोणत्याही अभिनंदनपर मजकुरात आढळत नाही.

मराठीशी असलेला संबंध

मराठीला हा विषय परका नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे मराठी समालोचन रुजवले तेव्हा त्यांच्यापुढेही तयार परिभाषा नव्हती, आणि रेडिओवर तर चित्राचाही आधार नव्हता. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएलचे सामने बारा भाषांतून दाखवले, त्यांत मराठी होती. पुष्कळ घरांत मराठी पर्याय दाबून पाहिला गेला. अशा वेळी चर्चा बहुधा एखाद्या खटकेबाज वाक्यावर होते आणि ते वाक्य दोन दिवस फिरते. पंजाबी प्रकरण समोर ठेवले तर विचारायचे प्रश्न वेगळे निघतात. समालोचक वर्षाला किती सामने करतो? त्याला मैदान दिसते की फक्त पडदा? त्याच्याजवळ आकडेवारी पुरवणारा माणूस आहे का? हंगाम संपल्यावर त्याला कामावर कोण ठेवते? स्पर्धेचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले की त्या चमूचे काय होते? खटकेबाज वाक्य कोणालाही सुचू शकते. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस, थकलेल्या आवाजात, अचूक नाव घेणे सरावाशिवाय जमत नाही.

सराव किती, हाच कळीचा मुद्दा

मार्च 2019 मध्ये कॅनडात क्री या मूलनिवासी भाषेतून पहिल्यांदा नॅशनल हॉकी लीगच्या सामन्याचे प्रक्षेपण झाले. माँट्रियल आणि कॅरोलायना यांचा तो सामना रॉजर्स आणि मूलनिवासींची एपीटीएन वाहिनी यांनी मिळून दाखवला आणि क्लॅरेन्स आयर्न यांनी समालोचन केले. मूलनिवासी समाजांत हॉकीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि या खेळात त्यांच्यातले मोठे खेळाडू होऊन गेले आहेत, त्यामुळे खेळ समजावून सांगण्याची जी अडचण पंजाबी चमूपुढे होती ती इथे नव्हती. अडचण निराळी होती: हंगामात मोजकेच सामने क्रीमधून होणार होते.

समालोचकाच्या जिभेला नावे, क्रमांक आणि रचना बसायला दर आठवड्याचा सामना लागतो. पंजाबी चमूला तो मिळाला: प्रायोजकाअभावी पडलेला खंड सोडला तर प्रत्येक शनिवार, बहुतेकदा दोन सामने, जानेवारीतले निरस सामनेही, ज्यांत तळाचे दोन संघ खेळतात आणि कोणतीही फीत कुठेही फिरत नाही. त्या निरस सामन्यांतच टिक्की हा शब्द समजावून सांगावा न लागण्याइतका परिचित झाला, चौकटीबाहेरचा सहावा खेळाडू ओळखता येऊ लागला आणि गोलानंतर काय बोलायचे हे ठरवण्याची गरज उरली नाही. क्री किंवा अन्य कोणत्याही भाषेतल्या प्रक्षेपणाच्या करारात समालोचकाच्या नावाआधी पाहायचा आकडा हा हंगामातल्या सामन्यांचा आहे, आणि तो पुरेसा आहे की नाही हे हक्क विकत घेतानाच ठरून जाते.